दोन गडगे आणि एक लॉरी

रावजीची लॉरी कोळवण्याच्या देवळाखालच्या वळणावर अडकली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि साडेदहापर्यंत सगळा गाव सल्ला द्यायला हजर झाला होता. लॉरीचं पुढचं चाक भागोजीच्या गडग्याला टेकलं होतं आणि मागची कड दादूच्या गडग्यात घुसली होती. दोन्ही गडगे कमरेइतके उंच, काळ्या पडलेल्या जांभ्या दगडांचे, आणि मधून बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. वळण असं, की बैलसुद्धा तिथे जरा विचार करून पाय टाकीत. लॉरीला विचार करायची सवय नव्हती. ती लष्करातून आली होती.

रावजी मोठ्या लढाईत बसऱ्याला अशाच लॉऱ्या हाकून आला होता. परत आल्यावर मुंबईला एका शेटजींची मोटार हाकू लागला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यांतले बायकोच्या वाट्याला आलेले दिवस गोळा केले तर दोन वर्षंही भरली नसती. शिमग्याला घरी यायचं, आणि मैना जेवण वाढताना जरा मोकळं बोलू लागली की आगबोट गाठायची, हा त्याचा नेम. शेवटी खडकीला लष्कराच्या टाकाऊ गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा त्याने होतं नव्हतं ते घालून ही लॉरी घेतली. तिचा मागचा हौदा जळालेला होता, म्हणून तिच्यामागे ओढायचा एक ट्रेलरही घेतला. त्याचा हौदा शाबूत होता. तो उचलून लॉरीवर बसवायचा आणि गावचा आंबा रत्नागिरीच्या बंदरावर पोचवायचा, असा बेत होता. बैलगाडीला त्या अकरा मैलांना अख्खी रात्र लागे आणि गचके खाऊन निम्मा आंबा वाटेतच पिचे.

मैनाला त्याने पत्र घातलं होतं, "आता मुंबई बंद. पहिला आंबा बोटीत चढला, की तुला मोटारीत माझ्या शेजारी बसवून संगमेश्वरला माहेरी नेईन." मैनाला वाचता येत नसल्यामुळे हे पत्र मास्तरांनी ओटीवर बसून खणखणीत आवाजात वाचलं होतं. त्यामुळे ते आता सगळ्या गावाला पाठ होतं.

आणि आत्ता मैना ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती, आणि लॉरी दारापासून दोनशे पावलांवर अडकून पडली होती.

मागचा ट्रेलर सोडून आठ जणांनी ढकलत मागे नेला. लॉरी मात्र हलेना.

"भागोजीकाका," रावजी म्हणाला, "तुमच्या कोपऱ्याचे दोन चिरे काढू काय? मागनं परत लावून देतंय."

भागोजी वरच्या वाडीचा मानकरी आणि दादू खालच्या वाडीचा. दोघे चुलत भाऊ. शिमग्यात देवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, हा वाद त्यांना बापांकडून मिळाला होता आणि दोघांनीही तो वडिलोपार्जित जमिनीपेक्षा जास्त काळजीने राखला होता.

"माजा गडगा कशापायी सरल?" भागोजी म्हणाला. "आधी समोरचा सरू दे की."

"माज्या बापसान रचलेला गडगा हाय तो," दादू म्हणाला. "चिरा हलला तर बापूस सपनात येल माज्या."

"माजाबी बापूस येल."

"तुजा बापूस जिता असताना कदी वेळेवर आला नाय, मेल्यावर काय येतोय!"

यानंतर दोन तास जे बोलणं झालं त्यात लॉरीचा उल्लेख एकदाही आला नाही. तिसऱ्या प्रहरी दोरखंड लावून लॉरी मागे ओढली आणि वर सड्याच्या कातळमाळावर नेऊन उभी केली. रावजी तिच्या पायरीवर डोकं धरून बसला. बागा सगळ्या वळणाच्या आत, गावात. लॉरी आत गेली नाही तर आंबा बाहेर येणार कसा?

तेव्हा सदू लोहार लॉरीभोवती दोनदा फिरला, वाकून खालून बघितलं आणि म्हणाला, "लांब हाय म्हणून वळत नाय ना? मग कापूया."

"अरे, सरकारी लॉरी हाय ती!"

"लोखांडच हाय की. सायबाचा असला म्हणून काय झाला?"

रावजीने खाली दोन गडग्यांकडे पाहिलं, मग लॉरीकडे पाहिलं. लढाईतल्या तोफांना न हललेली लॉरी कापणं शक्य होतं. कोळवण्याचा गडगा हलवणं शक्य नव्हतं. तो हो म्हणाला.

सदूने लॉरीचा लोखंडी सांगाडा मधोमध तीन हात कापून काढला, दोन्ही टोकं एकत्र आणून वर जाड पट्ट्या ठोकल्या. मागच्या चाकांना फिरवणारा दांडाही तेवढाच तोडून जोडला. बारा दिवस सड्यावर ठणठणाट चालला होता. निघालेल्या लोखंडाचे सदूने घरी नेऊन सोळा कोयते केले. लॉरीपेक्षा तेच जास्त चांगले झाले, असं गावात अजून म्हणतात.

आता हौदा. गावच्या सुताराला दार, नांगर आणि पाळणा यांपलीकडे काही येत नव्हतं, म्हणून खाडीवरून गफूरचाचांना बोलावणं गेलं. गफूरचाचा म्हणजे मचवे बांधणारा जुना कारागीर. त्यांच्या हातचा मचवा वादळात बुडाला, असं कधी झालं नव्हतं. जमिनीवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल मात्र त्यांना फारसा आदर नव्हता.

त्यांनी ट्रेलरच्या हौद्यावर हात फिरवला, नखाने टोचून पाहिलं, वास घेतला.

"सागवान हाय," ते म्हणाले. "अस्सल."

"चाचा, सांगाडा आता आखूड झाला. हौदाबी तीन हात कापायला लागल."

गफूरचाचांनी कानांना हात लावले. "असल्या लाकडाला करवत लावली तर हात झडतील माजे. हौदा आख्खा बसंल."

हौदा अख्खा बसला. पुढे हाकणाऱ्याची बैठक असल्यामुळे तो पुढे सरकेना, म्हणून मागच्या चाकांच्या पलीकडे तीन हात हवेत लोंबत राहिला. एवढ्यावर चाचांचं समाधान झालं नाही. त्यांनी पुढच्या बाजूला फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे घालून हौदा पुढून चांगला वीतभर उचलला.

"चाचा, भार सगळा मागं पडतोय," रावजी भीतभीत म्हणाला.

"मागंच पडाया हवा. भार पुढं पडला की मचवा लाटेत नाक खुपसतो. नाळ, म्हंजे नाक, वर हवी, रावजी, नाळ वर! चाळीस वर्सं बांधतोय, एकाची नाळ खाली गेली नाय."

"पण ही मोटार हाय."

"मग? मोटारीला नाक नसता काय?"

रावजीने लॉरी हाकली होती, बांधली नव्हती. शिवाय त्याला घाई होती. शेटजींचं पत्र आलं होतं, की अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवसाच्या बोटीने ये, नाहीतर मी दुसरा माणूस ठेवतो. आणि बागवाल्यांनी बजावलं होतं, की त्याच बोटीला पहिला आंबा लागला तर ठीक, नाहीतर आपली बैलगाडी बरी. म्हणजे त्या बोटीने कोळवण्यातून एकतर आंबा जाणार होता, नाहीतर रावजी. मैनाला हे कळलं तेव्हा तिने त्याची मुंबईची पेटी माळ्यावर चढवली आणि शिडी शेजारणीकडे ठेवून आली.

रिकामी लॉरी चालवून पाहिली तेव्हा ती शहाण्या मुलीसारखी चालली. वळणावरून तर अशी वळली की लोंबता हौदा दादूच्या गडग्यावरून अलगद फिरून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गफूरचाचांनी दाढी कुरवाळली.

बोटीच्या दिवशी देवळापुढे साठ करंड्या आंबा लॉरीवर चढला. त्यातल्या वीस भागोजीच्या आणि वीस दादूच्या, बाकीच्या इतरांच्या. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "ही जी काय इलायती गाडी आज तुज्या दारात उभी हाय, तिला चढणीला बळ दे, उताराला अक्कल दे रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" नारळ फुटला. आता निघायचं एवढंच राहिलं होतं.

पण रावजीच्या शेजारी एकच जागा होती.

भागोजी ठेवणीतलं पागोटं घालून पुढच्या पायरीकडे चालू लागला. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने दादू कोट चढवून आला. दोघांनी एकदमच पायरीवर पाय ठेवला आणि दोघांपैकी कोणीच तो उचलेना.

"पालखीचा पयला खांदा आमचा, मग मोटारीची पयली जागाबी आमची," भागोजी म्हणाला.

"पयला खांदा तुमचा? कोण म्हणतो?" दादू म्हणाला.

दोन्ही वाड्यांची माणसं बाह्या सारू लागली. रावजीचं लक्ष मात्र पलीकडे होतं. मैना तिथे तेच ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. एकदा वाटलं, हाक मारावी, या दोघांना बाजूला करून तिलाच बसवावं. पण सगळ्या गावादेखत दोन मानकरी डावलून बायकोला पुढे बसवायचं, एवढी छाती त्याला बसऱ्यालाही झाली नव्हती. त्याने नजर वळवली.

वाद गफूरचाचांनी मिटवला. "पुढं कशाला मरताव दोघं?" ते म्हणाले. "आमच्या मचव्यात मानाची जागा मागं. सुकाणूपाशी तांडेल बसतो. पुढं कोण बसतो? भांडी घासणारा."

दोघांनीही पाय असा काढला की जणू पायरी तापली होती. हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला चाचांनी एक रुंद फळी ठोकली होती, तिच्यावर दोघे खांद्याला खांदा लावून बसले. मानकरी मागे बसले म्हटल्यावर दोन्ही वाड्यांची आणखी अकरा माणसं त्यांना चिकटून मागेच बसली, कारण आपल्या मानकऱ्याला पाठ दाखवून पुढे बसायला कोणीच तयार नव्हता. पुढची जागा रिकामी राहिली. आणि रावजीने लॉरी सुरू केली.

वळण सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग सड्यावर जायची चढण लागली. रावजीने चाक उजवीकडे फिरवलं, लॉरी सरळच राहिली. डावीकडे फिरवलं, तरी सरळ. मग त्याच्या लक्षात आलं, की समोर रस्ता दिसायचा तिथे आभाळ दिसतंय. पुढची दोन्ही चाकं हवेत फिरत होती. लॉरी जरा वेळ तशीच विचार करीत उभी राहिली, मग मागे घसरली आणि बरोबर दोन गडग्यांच्या मध्ये ढुंगण टेकून बसली. फळी कडाडली. तेरा माणसं आणि त्यांच्यावर सात-आठ करंड्या वाटेवर सांडल्या.

खाली उभ्या असलेल्या गफूरचाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगा," ते म्हणाले, "नाळ बगा कशी वर हाय!"

कोणाला लागलं नव्हतं. पेंढ्यात पडलेले भागोजी आणि दादू मात्र उठेनात. आधी उठण्यात मान की मागून उठण्यात, हे ठरायचं होतं. माणसांचा भार गेला तशी लॉरीची पुढची चाकं धाडकन जमिनीवर आली. रावजीने नुसता आंबा घेऊन पुन्हा चढण चढून पाहिली. पुन्हा आभाळ. तिसऱ्यांदा तेच.

ऊन डोक्यावर आलं होतं. बोट चार वाजता सुटायची होती.

"बैल जुंपा," एक बागवाला म्हणाला. "आजची बोट गेली, पण उद्याची तरी मिळल."

रावजी खाली उतरला. सगळ्यांना ओलांडून मैनासमोर येऊन उभा राहिला.

"ती शिडी कोणाकडं ठेवलंयस?" त्याने विचारलं.

मैनाने त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षं दर शिमग्यानंतर हाच चेहरा घेऊन तो पेटी उचलायचा. तिने ताट गडग्यावर ठेवलं, पदर खोचला आणि गफूरचाचांपुढे गेली. ती अंगाने इतकी काटकुळी होती, की रागावली तरी लोकांना चटकन कळत नसे.

"चाचा, तुमच्या मचव्याची नाळ फारच वर गेली तर काय करताव?"

"नीरम घालतो. म्हंजे दगड. पुढं दगड रचले की बसते नाळ खाली."

"मग घाला की!"

चाचा थबकले. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांना बाईमाणसाने सांगितली नव्हती. "घालू," ते म्हणाले, "पण मोठा चिरा हवा. कोपऱ्याचा."

आसपास कोपऱ्याचे मोठे चिरे दोनच ठिकाणी होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं, आणि मग भागोजी आणि दादू एकदाचे पेंढ्यातून उठले.

"माज्या गडग्याला हात लावशील तर बग!" दोघेही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

"नको तर नको," मैना म्हणाली. मग देवळाकडे बघून, कोणालाच उद्देशून नाही असं बोलली, "मी आपली म्हणत हुतंय, ज्याचा चिरा पुढच्या जागंवर बसल, आंब्याच्या पयल्या गाडीचा मान त्याचा. बंदरावर सगळा मुलूख बगंल, कोणाचा चिरा पुढं बसलाय तो."

मग भागोजीने पागोटं काढून मुलाच्या हातात दिलं आणि आपल्याच बापाचा गडगा उपटायला लागला. ते बघून दादूने कोट फेकला.

"माजा चिरा मोठा हाय!"

"मोठा असल, पोकळ हाय! माजा बग!"

दोघांनी कोपरे पार उकलून तळचे सगळ्यांत जड चिरे काढले. दोन्ही पुढच्या जागेवर ठेवावे लागले, शेजारी शेजारी, रेघेला रेघ लावून. कोणता डावीकडे आणि कोणता उजवीकडे, यावर फक्त पाव तास गेला. माणसं घरीच राहिली. रावजी, आंबा आणि दोन चिरे असे निघाले. लॉरीचं नाक जमिनीला टेकलेलं राहिलं, चढण सरली, आणि बोटीचा भोंगा झाला तेव्हा कोळवण्याच्या करंड्या पडाव-होड्यांतून बोटीकडे निघाल्या होत्या. रावजी धक्क्यावर उभा होता. मुंबईला जाणारी बोट त्याने पहिल्यांदाच जमिनीवरून बघितली.

परतताना गफूरचाचा वळणावर त्याची वाट बघत बसले होते. रावजी खाली उतरला. दोन्ही गडग्यांचे कोपरे गेले होते, वाट चांगली रुंद झाली होती. त्याने पावलांनी ती मोजली आणि पुन्हा मोजली.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "हे चिरे आधीच निघाले असते तर अख्खी लॉरी आरामात गेली असती. वर हातभर वाट उरली असती."

"मी मगाशीच मोजली," चाचा म्हणाले. "कोणाला सांगू नको. सदूकडं कोयते परत मागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी भरून तयार झाली, तर भागोजी आंघोळ करून, गंध लावून हजर.

"काल घाई हुती म्हणून दगड बसवला," तो म्हणाला. "आज मी सोता बसतंय. माज्या दगडापक्षा मी हलका काय?"

"तू बसलास तर माजा दगड एकटा बसल काय?" दादू आलाच होता. "उचल तुजा दगड. मी बसतंय."

बाह्या पुन्हा वर जाऊ लागल्या. बागवाले एकमेकांकडे बघू लागले. हे असं रोज चालणार असेल तर बैल काय वाईट, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. रावजीला माळ्यावरची पेटी दिसू लागली.

तेवढ्यात मैना आली. वीस दिवस थांबलेलं ते ओवाळणीचं ताट तिच्या हातात होतं. ती पायरी चढली, एका चिऱ्याला हळदकुंकू लावलं, दुसऱ्याला लावलं, दोन्हींवर एकेक जास्वंद ठेवली, ओवाळलं आणि पदर पसरून नमस्कार केला.

"राखणदार हायत गाडीचे," ती म्हणाली. "त्यांनीच काल गाडी चढवली. आता उठवायचे असतील तर तुमी उठवा. माजी काय छाती नाय."

भागोजीने वहाणा काढल्या. दादूच्या पायात काही नव्हतं, म्हणून त्याने टोपी काढली. मागून गुरव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि प्रश्न मिटला. म्हणजे त्या जागेवर बसण्याचा मिटला. चिऱ्यांची पूजा आधी वरच्या वाडीने करायची की खालच्या, हा नवा वाद त्याच दुपारी सुरू झाला, पण तो लॉरी गेल्यावर सावकाश घालता येण्यासारखा होता.

त्या हंगामात एक बोट चुकली नाही. शेटजींनी दुसरा माणूस ठेवला. शिडी शेजारणीकडेच राहिली आणि तिने ती आपलीच म्हणून रंगवूनही घेतली. वाटेवरच्या गावांतले लोक लॉरी दिसली की बाजूला होऊन आतल्या राखणदारांना हात जोडत. रावजीकडे कोणी बघत नसे.

आंबा सरला तेव्हा रावजीने लॉरी धुतली आणि दिलेला शब्द पाळायला निघाला. मैना हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आली. तिने पुढच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती थांबली. जागेवर दोन्ही चिरे बसले होते, कुंकवाने लाल झालेले, ताजी फुलं ल्यालेले. मध्ये बोट शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती.

रावजी तिच्याकडे वाकला. "आजच्यापुरते काढू काय गो?" तो कुजबुजला. "हौदा रिकामा हाय. नाळ काय वर जायची नाय."

मैनाने मागे पाहिलं. देवळाच्या पायरीवर भागोजी आणि दादू नारळ घेऊन उभे होते. वरची वाडी उभी होती, खालची वाडी उभी होती.

"देव असे उठवायचे नसतात," ती म्हणाली.

ती पाय काढून मागे गेली, हौद्यात चढली आणि अगदी टोकाला चाचांनी नव्याने ठोकलेल्या फळीवर, तांडेलाच्या जागेवर जाऊन बसली. नारळ फुटला. रावजीने मान वळवून विचारलं, "बरी बसलंयस ना?"

"बरी बसलंय. तुमी पुढं बगा. शेजारी देव हायत."

वळणावर हातभर मोकळी वाट ठेवून लॉरी सुरळीत निघाली. संगमेश्वरपर्यंत मैनाला नवऱ्याची पाठ दिसत होती. चौदा वर्षं दर शिमग्यानंतर तिने पाहिलेली तीच पाठ होती ती. फक्त आज ती लांब जात नव्हती.